थीम पार्कची ट्रिप, मुक्काम बाहेर: परभणीहून रूम बुक करताना फोनवर नक्की काय बघायचं?

सुट्ट्या जवळ आल्या की परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेडकडच्या घरांत एक काम हमखास सगळ्यात जास्त मोबाइल वापरणाऱ्या पोरा-पोरीच्या गळ्यात पडतं. "तुझ्या फोनवर बघ बरं, राहायचं कुठं ते." पार्क कुठलं हे लेकरांनी रील्स बघून आधीच ठरवलेलं असतं. त्याची तिकिटं पार्कच्याच वेबसाइटवर मिळतात, तिथं फसायला फारशी जागा नसते. रूमचं तसं नाही. पार्कला लागून असलेलं हॉटेल आठ-दहा जणांच्या कुटुंबाला परवडत नाही, म्हणून बाहेर शोधायचं. आणि बाहेर शोधायला गेलं की एकाच लॉजचे चार ॲपवर चार दर, इन्स्टाग्रामवर स्विमिंग पूलवाले बंगले, आणि व्हॉट्सॲपवर "सर, ५० टक्के ॲडव्हान्स टाका, नाहीतर डेट जाईल" असा मेसेज.

हा प्रश्न आता फक्त सोयीचा राहिलेला नाही. १९ एप्रिल २०२५ ला केंद्रीय गृह मंत्रालयाच्या इंडियन सायबर क्राइम कोऑर्डिनेशन सेंटरने, ज्याला आयफोरसी म्हणतात, ऑनलाइन बुकिंगच्या फसवणुकीबद्दल देशभर इशारा दिला. नकली वेबसाइट, फसवी सोशल मीडिया पेजेस, फेसबुक पोस्ट आणि गुगलसारख्या सर्च इंजिनवर पैसे देऊन लावलेल्या जाहिराती, या मार्गाने यात्रेकरूंना आणि पर्यटकांना गंडवलं जातंय, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. केदारनाथचं हेलिकॉप्टर, गेस्ट हाउस आणि हॉटेल, टॅक्सी, हॉलिडे पॅकेज ही सगळी नावं त्या यादीत आहेत. नीट बघा, ट्रेनचं तिकीट त्यात नाही. कारण ते एकाच ठिकाणी मिळतं. फसवणूक तिथं होते जिथं विकणारे हजार असतात आणि खरा कोण ते कळत नाही.

माझं मत सरळ आहे. रूम कशी आहे, हे फोनवरून पूर्ण कळत नाही. पण रूम खरी आहे का, पैसे कोणाच्या खात्यात जातात आणि पार्कपासून ती खरोखर किती लांब आहे, या तीन गोष्टी फोनवर बऱ्यापैकी कळतात. आपण करतो नेमकं उलटं. तासभर फोटो बघतो आणि या तिन्हींना पाच मिनिटंही देत नाही.

आधी पार्क कुठं आहे ते बघा, मग गाव

परभणीहून साधारण तीन दिशांना लोक जातात. एक म्हणजे खोपोलीजवळचं इमॅजिका, २०१३ मध्ये सुरू झालेलं, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या जवळ, रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात. दुसरी दिशा शिर्डीची, जिथं वेट अँड जॉय वॉटर पार्क आणि साईतीर्थ थीम पार्क आहे. तिसरी हैदराबादची, रामोजी फिल्म सिटी आणि वंडरला. (१९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यातच होतो, त्यामुळे अनेक घरांना आजही मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचं वाटतं.)

यातलं इमॅजिकाचं प्रकरण सगळ्यात जास्त फसवं आहे, कारण मधे घाट आहे. सर्च केलं की पहिल्यांदा लोणावळा-खंडाळ्याच्या रूम्स समोर येतात. बुकिंग ॲप अंतर दाखवतं ते बऱ्याचदा सरळ रेषेतलं, कावळ्याने उडत जावं तसं. प्रत्यक्षात लोणावळा घाटाच्या माथ्यावर आहे, समुद्रसपाटीपासून ६०० मीटरपेक्षा जास्त उंचीवर, आणि पार्क घाटाच्या पायथ्याशी. म्हणजे रोज बोरघाट उतरायचा, संध्याकाळी थकलेली लेकरं घेऊन परत चढायचा. शनिवार-रविवारी आणि पावसाळ्यात या घाटात गाड्या कशा अडकतात, हे बातम्यांत सगळ्यांनीच पाहिलेलं आहे. पार्क हाच ट्रिपचा मुख्य हेतू असेल तर मुक्काम खोपोली-खालापूरच्या बाजूला करा, असं मी सांगेन. लोणावळा हवंच असेल तर पार्कचा दिवस आणि लोणावळ्याचा दिवस वेगळे ठेवा आणि रूमही त्याप्रमाणे बदला. सामान उचलायचा कंटाळा येतो, मान्य आहे. पण एका जागी राहून दोन्ही करायच्या नादात अर्धा दिवस गाडीतच जातो.

तपासायची पद्धत सोपी आहे. गुगल मॅप्सवर हॉटेलपासून पार्कच्या गेटपर्यंतचा रस्ता टाका. मग लगेच दिसणाऱ्या वेळेवर विश्वास ठेवू नका. तुम्ही हे मंगळवारी रात्री अकराला बघत असता, तेव्हा घाट मोकळाच असतो. तीन टिंबांच्या मेनूत निघण्याची वेळ ठरवायचा पर्याय आहे. तिथं तुमचीच तारीख आणि सकाळची नऊची वेळ द्या. मग परतीचा रस्ता, संध्याकाळी साडेसातचा. मॅप्स तेव्हा ठरावीक एक आकडा न देता एवढ्यापासून एवढ्यापर्यंत असा अंदाज देतो. त्यातला मोठा आकडा धरून चाला.

आपल्या बाजूने एक सोय आहे. नांदेडहून निघणारी पनवेल गाडी परभणी, गंगाखेड, परळी, लातूरमार्गे पुण्याला जाते आणि तिथून घाट उतरून पनवेलला. पुढे कर्जतहून खोपोलीला लोकल आहे, पण त्या मोजक्याच असतात, मुंबईसारखी दर पाच मिनिटांची लोकल डोक्यात ठेवू नका. थांबे आणि वेळा रेल्वेच्या ॲपवर त्या आठवड्यातच बघा. स्वतःची गाडी किंवा भाड्याची क्रूझर घेऊन जाणार असाल तर फास्टॅग चालू आहे ना ते आधी बघा. १ एप्रिल २०२५ पासून राज्य रस्ते विकास महामंडळाच्या टोलवर फास्टॅग नसेल तर दुप्पट पैसे द्यावे लागतात, आणि एक्स्प्रेसवे याच महामंडळाचा आहे.

रात्रीची गाडी असो की ट्रॅव्हल्स, तुम्ही उतरता सकाळी. बहुतेक हॉटेलांचा चेक-इन दुपारी बारा ते दोन. मधल्या वेळेत आजी कुठं बसणार, लेकरांची अंघोळ कुठं होणार? हा प्रश्न ॲपच्या कुठल्याच फिल्टरमध्ये नसतो. फोन करून विचारा, "सकाळी सातला आलो तर रूम मिळेल का, किती जास्तीचे घ्याल?" उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागा.

हैदराबादचं थोडक्यात. देवगिरीने सिकंदराबादला उतरायचं आणि स्टेशनसमोरच लॉज घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी सवय. पण रामोजी फिल्म सिटी विजयवाड्याच्या रस्त्यावर शहराबाहेर आहे, स्टेशनपासून बरीच लांब. मेट्रो एलबी नगरपर्यंत जाते, पुढे बस किंवा कॅब. त्यामुळे पार्कच्या रात्रीसाठी एलबी नगरची बाजू सोयीची, चारमिनार-सालारजंग बघायच्या रात्रीसाठी दुसरी. शिर्डी तिन्हींत सोपी. नगरसोलला जाणाऱ्या गाड्या परभणीवरूनच जातात, गाव लहान, घाट नाही, आणि घरात म्हातारी माणसं असतील तर दर्शन आणि पार्क दोन्ही एकाच मुक्कामात होतात. पाथरी आणि शिर्डीचा जो काही वाद २०२० मध्ये झाला तो बाजूला ठेवा, पाथरीहून शिर्डीला जाणाऱ्यांची संख्या त्यानंतर कमी झालेली मला तरी दिसली नाही.

शिर्डीत अजून एक गोष्ट आहे जी इतर दोन ठिकाणी नाही: साईबाबा संस्थानची स्वतःची भक्तनिवासं. साई आश्रम, द्वारावती वगैरे. त्यांचं बुकिंग संस्थानच्या वेबसाइटवर, म्हणजे साई डॉट ओआरजी डॉट इन या पत्त्याखालीच होतं. याच कारणाने त्या नावासारख्या दिसणाऱ्या साइट सापडू शकतात. पत्त्यात मधेच "रूम", "बुकिंग", "ट्रस्ट" असे जास्तीचे शब्द जोडलेले असले की थांबा. पत्त्याशेजारचं कुलूप बघून निर्धास्त होऊ नका. ते कुलूप फक्त एवढंच सांगतं की तुमची माहिती वाटेत कोणी वाचत नाही. पलीकडे चोर बसलाय का, ते कुलपाला माहीत नसतं.

दोन हजारांची रूम दोन हजारांना का पडत नाही

समजा, नऊ जण आहात, तीन रूम लागतात. लोणावळ्यात दर दिसतो २,००० रुपये, खोपोलीत २,५००. घरचे म्हणणार, लोणावळा घे. आता पुढचं मांडा. लोणावळ्याच्या तीन रूम ६,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी ३००, पार्कला जाऊन-येऊन दोन गाड्यांचे समजा ३,०००. झाले ९,३००. खोपोलीच्या तीन रूम ७,५००, जीएसटी ३७५, रिक्षाचे समजा १,०००. झाले ८,८७५. महाग दिसणारी रूम स्वस्त पडली, आणि घाटातला वेळ वाचला तो वेगळाच. गाडीभाडं तुमच्या हिशोबाने बदलेल, पण मांडणी हीच ठेवा.

जीएसटीचा आकडा मुद्दाम सांगतोय. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमवर १२ ऐवजी ५ टक्के कर झाला. त्याच्या वर १८ टक्के आहे तसाच. यात एक गंमत आहे: ३,००० च्या चार रूम घेतल्या तर प्रत्येकीवर ५ टक्के, पण १२,००० चा एकच बंगला घेतला तर १८ टक्के लागू शकतो. बिल सारखं दिसतं, करात दीड हजारापेक्षा जास्त फरक. आणि साध्या रूमवर कोणी अजूनही १२ टक्के लावत असेल तर विचारायचं, कशाबद्दल?

ॲपवरचा दर शेवटच्या स्क्रीनवर फुगतो, हे तुम्ही अनुभवलंच असेल. सुविधा शुल्क, न विचारता टिक केलेला इन्शुरन्स, दान. याला कायद्याच्या भाषेत नावं आहेत. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात असे १३ प्रकार दिले आहेत. किंमत थेंबाथेंबाने वाढवत नेणं हा एक. न सांगता बास्केटमध्ये वस्तू टाकणं हा दुसरा. आणि "फक्त १ रूम शिल्लक, २३ लोक आत्ता बघत आहेत" असं खोटं सांगून घाई करवणं, हा तिसरा. जून २०२५ मध्ये सगळ्या प्लॅटफॉर्म्सना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितलं गेलं. मला विचाराल तर "१ रूम शिल्लक" कधी खरंही असतं. पण ते बहुतेक वेळा त्या ॲपला मिळालेल्या रूम्सबद्दल असतं. हॉटेलला थेट फोन केला की त्याच तारखेच्या चार रूम निघतात.

फ्री कॅन्सलेशनकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण आपलं सगळं गणित रेल्वेवर अवलंबून असतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. तिकीट वेटिंगवर असताना पैसे परत न मिळणारी रूम घेणं म्हणजे दोन्हीकडून टांगणीला लागणं. १०० रुपये जास्त द्यावे लागले तरी कॅन्सल करता येणारी रूम घ्या, आणि कोणत्या तारखेला किती वाजेपर्यंत कॅन्सल करता येते, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

पैसे नेमके कोणाला?

मध्यंतरी मानवतच्या एका मित्राने मला काही स्क्रीनशॉट पाठवले. लोणावळ्यात पाच बेडरूमचा बंगला, पूल, समोर हिरवा डोंगर, एका रात्रीचे ९,०००. काकांनी सोयाबीन विकून ट्रिपसाठी वीस हजार बाजूला काढलेले, आणि ते म्हणत होते की अर्धे आजच टाकून मोकळे होऊ, नाहीतर बंगला जाईल. मी सगळ्यात चांगला फोटो गुगल लेन्समध्ये टाकला. तोच पूल, तीच छत्री, दुसऱ्या देशातल्या एका व्हिलाच्या लिस्टिंगवर होती. मग मित्राला सांगितलं, त्याला म्हण, आमचा नातेवाईक पुण्यात आहे, तो उद्या येऊन बघून जाईल, लोकेशन पाठवा. त्यावर उत्तर आलं, "सर, पार्टी आत आहे, बघता येणार नाही." मग म्हणायला सांगितलं, गेटवरून दोन मिनिटांचा व्हिडिओ कॉल करा. नंबर ब्लॉक झाला. वीस हजार घरात राहिले, आणि ट्रिप शिर्डीला झाली.

या प्रकारात आता आपल्या बाजूने एक भक्कम गोष्ट आहे, जी फार लोकांना माहीत नाही. ३० जून २०२५ पासून यूपीआय ॲप्सना पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं खरं नाव दाखवणं एनपीसीआयने बंधनकारक केलं. आधी काही ॲप्समध्ये माणसाने स्वतः ठेवलेलं किंवा तुम्ही फोनमध्ये सेव्ह केलेलं नाव दिसायचं. म्हणजे "ग्रीन व्हॅली रिसॉर्ट" म्हणून नंबर सेव्ह केला की तेच दिसणार, आणि मन निवांत. आता पिन टाकण्याआधीच्या स्क्रीनवर जे नाव येतं ते वाचा. रिसॉर्टचं नाव एक आणि खात्यावर भलत्याच माणसाचं नाव असेल तर थांबा.

थांबा म्हणतोय, पळा म्हणत नाही. खोपोली किंवा शिर्डीतले कितीतरी छोटे लॉजवाले मालकाच्या नावानेच खातं वापरतात, आणि ते पूर्ण प्रामाणिक असतात. त्यांची ना वेबसाइट असते ना इन्स्टाग्राम. अशा वेळी दुसऱ्या वाटेने खात्री करा. मॅप्सवर त्या लॉजचा नंबर तुम्हाला मेसेज करणाऱ्याच्या नंबराशी जुळतो का? तरीही तेवढ्यावर थांबू नका, कारण मॅप्सवरची माहिती कोणीही बदल सुचवून बदलवू शकतो. म्हणून शेजारच्या दुकानाला फोन लावायचा. मॅप्सवर लॉजच्या आजूबाजूला एखादं मेडिकल, एखादं हॉटेल असतंच. "भाऊ, तुमच्या शेजारी अमुक लॉज आहे का, मालक कोण?" एवढं विचारायला आपल्याला लाज वाटते, पण लोक सांगतात. मी हे बऱ्याचदा केलंय आणि आजवर कोणी खेकसलं नाही.

मोठं हॉटेल किंवा रिसॉर्ट असेल आणि ते जीएसटी मागत असेल, तर जीएसटी नंबर मागा. १५ अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, तेलंगणाचा ३६ ने. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता करदाता शोधता येतो. तिथं कायदेशीर नाव, व्यवसायाचं नाव, पत्ता आणि नोंदणीची तारीख दिसते. तेच नाव यूपीआयच्या स्क्रीनवर आलं तर बऱ्यापैकी निर्धास्त व्हायला हरकत नाही. नंबर नाही म्हणतो आणि वर जीएसटीही मागतो, अशा माणसाला पैसे देऊ नका. छोट्या मालकाला नोंदणी बंधनकारक नसते, पण मग तो तुमच्याकडून करही घेऊ शकत नाही.

रिव्ह्यूंचं थोडक्यात. चार पॉइंट अमुक स्टार बघून काही कळत नाही. "नवीन आधी" लावा आणि रिव्ह्यूंमध्येच "पाणी", "गरम", "पार्किंग", "जेवण" हे शब्द शोधा, इंग्रजीतही. मालकाने टाकलेले फोटो सोडून पाहुण्यांनी टाकलेले बघा. बाथरूमचा एक धुरकट फोटो पूलच्या दहा फोटोंपेक्षा जास्त सांगतो.

आणि आधार. "सगळ्यांचे आधार व्हॉट्सॲप करा" असा मेसेज खऱ्या हॉटेलकडूनही येतो. यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड करता येतं, त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात. व्हॉट्सॲपवर पाठवायचंच असेल तर ते पाठवा, मूळ कार्ड काउंटरवर दाखवा. आजी-आजोबांच्या आधारला जोडलेला नंबर चालू आहे का ते मात्र घरी असतानाच तपासा, कारण डाउनलोडसाठी ओटीपी त्याच नंबरवर येतो.

पैसे गेलेच तर

चोर सहसा एकदा घेऊन थांबत नाही. ॲडव्हान्स गेला की "सिक्युरिटी डिपॉझिट टाका, लगेच परत येईल", मग "रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करा". पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. या टप्प्यावर घरचे म्हणतात, अजून दोन हजार टाकून बघू, आधीचे तरी सुटतील. तिथंच हात धरायचा.

लगेच १९३० वर फोन. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार होते. वेळ महत्त्वाची असते, कारण तक्रार आली की पैसे ज्या खात्यात गेले तिथं ते अडवण्याची विनंती बँकांकडे जाते, आणि चोराने पुढे काढले की अडवायला काही उरत नाही. यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर नंबर, स्क्रीनशॉट, समोरच्याचा नंबर आणि यूपीआय आयडी हाताशी ठेवा, चॅट डिलीट करू नका. पैसे गेले नसतील, फक्त संशयास्पद कॉल किंवा मेसेज आला असेल, तर संचार साथीवर चक्षू नावाची सोय आहे, तिथं तो नंबर कळवा.

"बंगला लोणावळ्यात आहे, तिकडं जाऊन तक्रार करा" असं कोणी म्हटलं तर ऐकून परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती तुमच्या जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. पालम असो की सोनपेठ, तिथंच.